माळ्यावरचा सुरक्षाप्रमुख

दिवाळीला अठरा दिवस राहिले असताना आमच्या टॉवेलच्या कारखान्याचा सुरक्षाप्रमुख म्हणून माझी नेमणूक झाली. घरी मी 'निवड झाली' असं सांगितलं. खरा प्रकार असा की विमा कंपनीचं एक पत्र हातात घेऊन अमृतशेठ केबिनबाहेर आले आणि केबिनबाहेर आलं की पहिलं टेबल माझंच लागतं. सणासुदीच्या दिवसांत कामाच्या ठिकाणी आणि घरीही अपघात वाढतात, तरी प्रत्येक कारखान्यानं एक जबाबदार व्यक्ती नेमून कामगारांना प्रशिक्षण द्यावं, असं त्या पत्रात होतं. अमृतशेठ म्हणजे आमचे मालक. माणूस भला, पण कागद त्यांच्या हातात फार वेळ टिकत नाही. "सिद्धलिंग, तुम्ही जबाबदार आहात ना?" त्यांनी विचारलं. बावीस वर्षं डिस्पॅचला हेडक्लार्क असलेल्या माणसानं या प्रश्नाला नाही कसं म्हणायचं?

ते पत्र मी चार वेळा वाचलं. पहिल्या वाचनाला भीती वाटली, दुसऱ्याला कंटाळा आला, तिसऱ्याला पटलं आणि चौथ्याला असं वाटायला लागलं की अक्कलकोट रोडवरच्या सगळ्या एमआयडीसीत आगीचा विचार करणारा मी एकटाच उरलो आहे. आमचा माल म्हणजे कापूस. सूत कापसाचं, टॉवेल कापसाचे, हवेत उडणारी धूळ कापसाची, आणि त्यात दिवाळीची घाई म्हणून पॅकिंग हॉलमध्ये छातीइतके पुठ्ठ्याचे खोके. यातून आजवर आम्ही वाचलो ते श्री सिद्धेश्वरांच्या कृपेनं. पण सिद्धेश्वरांवर किती दिवस भार टाकायचा, हा विचार मनात आला आणि मी अकरा नियमांची यादी लिहून काढली.

सुरुवात अग्निशामक सिलिंडरांपासून केली. भिंतीवर तीन लाल सिलिंडर होते, पण त्यांची मुदत नऊ वर्षांपूर्वीच संपली होती. नवे मागवायला मी स्टोअरकीपर धोंडप्पाकडे गेलो. धोंडप्पा हा नियमानं जगणारा माणूस आहे. जुने निकालात काढल्याशिवाय नवे मागवता येत नाहीत, आणि रजिस्टरमध्ये 'वापरून संपले' असा शेरा असल्याशिवाय जुने निकालात काढता येत नाहीत, असं त्यानं सांगितलं. मी म्हणालो, मग वापरून संपवू. तो म्हणाला, मुदत संपलेली वस्तू वापरायला परवानगी नाही. या दोन वाक्यांमध्ये मी तीन दिवस येरझाऱ्या घातल्या. चौथ्या दिवशी मी 'प्रात्यक्षिक' हा शब्द शोधून काढला. प्रात्यक्षिकाला कुठलाच नियम नव्हता.

आवारात सगळे जमले. पहिला सिलिंडर दाबला, काहीच झालं नाही. दुसऱ्यातून एक कोळी बाहेर आला आणि आमच्याकडे बघून परत आत गेला. तिसऱ्यानं मात्र नऊ वर्षांचं मनातलं सगळं एकदम बाहेर काढलं, आणि तेही वाऱ्याच्या दिशेनं, अमृतशेठच्या नुकत्याच धुतलेल्या गाडीवर. गाडी पांढरी असल्यामुळे फारसा फरक दिसला नाही, असं मी म्हणालो. गाडी निळी होती. पण धोंडप्पानं समाधानानं 'वापरून संपले' असा शेरा मारला आणि आठवड्यात नवे सिलिंडर आले. ते कसे वापरायचे हेही मी त्याला शिकवलं: पिन ओढायची, ज्वाळेच्या बुडाशी रोखायचं, दाबायचं आणि झाडू मारल्यासारखं फिरवायचं. एक सिलिंडर संपला की दुसऱ्याच्या नादी लागायचं नाही, सरळ बाहेर पडायचं. हे त्यानं वहीत लिहून घेतलं आणि खाली माझी सही घेतली.

आता घरचं ऐका. पत्रात 'आणि घरीही' असं स्पष्ट होतं, त्यामुळे तीच अकरा नियमांची यादी थोडा फेरफार करून मी फ्रिजवर चिकटवली. आमच्या मातोश्री नागव्वा यांनी चष्मा लावून ती लांबूनच पाहिली आणि "साकु बिडप्पा" म्हणाल्या. म्हणजे पुरे आता, सोड. धनलक्ष्मीनं, म्हणजे माझ्या पत्नीनं, मात्र यादी शांतपणे शेवटपर्यंत वाचली. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

चौथा नियम असा होता: तेलाची कढई गॅसवर असताना तिथून हलायचं नाही. दुसऱ्या दिवशी ती चकल्या तळायला बसली आणि हललीच नाही. दारावरची बेल वाजली, "नियम चार" असा स्वयंपाकघरातून आवाज आला. मी दार उघडलं. फोन वाजला, नियम चार. आईला औषध द्यायचं होतं, पाणी आलं म्हणून टाकीचा कॉक फिरवायचा होता, चिवड्यासाठी उन्हात घातलेल्या पोह्यांवरनं कावळा हाकलायचा होता. सगळ्याला नियम चार. रविवारी त्या सकाळी मी घरात जितका धावलो तितका शाळेच्या मैदानावरही धावलो नव्हतो. संध्याकाळी धनलक्ष्मी म्हणाली की नियम फार चांगला आहे, असा नियम लग्नानंतर लगेच करायला हवा होता.

दुसरा नियम स्टुलावर स्टूल ठेवून न चढण्याचा. त्यामुळे माळा झाडायला शिडी लागणार हे ओघानं आलंच. शिडी शेजारच्या तिप्पण्णांकडे आहे. तिप्पण्णा वीज मंडळातून वायरमन म्हणून निवृत्त झालेले. ते शिडी देतात पण एकटी देत नाहीत, स्वतः बरोबर येतात. शिडी दारातून आत वळेना. तिप्पण्णा पुढून म्हणाले डावीकडे घ्या, मी मागून डावीकडे घेतली, आणि समोरासमोर तोंडं असल्यामुळे आमच्या दोघांच्या डाव्या बाजू वेगवेगळ्या निघाल्या. यात शोकेसची काच गेली. मग मी वर चढलो आणि तिप्पण्णांनी खालून शिडी धरून मला अर्थिंगविषयी पाऊण तास सांगितलं. विजेला माणसाची जात, वय, हुद्दा काही कळत नाही, ही त्यांची आवडती ओळ. मी वरून हो हो करत होतो. उपदेश करणारा माणूस खाली आणि ऐकणारा वर, अशी व्यवस्था फार ठिकाणी नसते.

कारखान्यात आता मुख्य काम राहिलं होतं ते सरावाचं. शिट्टी वाजली की हातातलं काम टाकून, काहीही बरोबर न घेता, आवारातल्या निंबाच्या झाडाखाली जमायचं, तिथं मोजणी होणार. पटावर अमृतशेठ आणि मी धरून बासष्ट माणसं. पहिल्या दिवशी मी शिट्टी वाजवली तेव्हा मागच्या शेडमधल्या लूमच्या आवाजात ती मलासुद्धा नीट ऐकू आली नाही. ज्यांना ऐकू आली त्यांना चहाची सुट्टी वाटली आणि ते कँटीनला गेले. झाडाखाली मी आणि अमृतशेठ असे दोघंच. अमृतशेठ थोडा वेळ थांबले आणि त्यांनाही चहाची आठवण झाली.

मी सगळ्यांना एकत्र बोलावून रागावलो. तेव्हा पॅकिंगच्या बजाबाईंनी हात वर केला. बजाबाई पन्नाशीच्या, मूळच्या वेळापूरच्या, लग्न होऊन सोलापुरात आलेल्या. हॉलमधल्या वीस बायका त्यांच्या शब्दाबाहेर नाहीत. "सायेब," त्या म्हणाल्या, "आग कुटं हाय?" मी म्हणालो, आग नाही, आग लागली असं समजायचं. त्या म्हणाल्या, "मग आमी बाहेर आलो आसं समजा की." हॉल हसला. मीही हसलो, पण ते वरवरचं.

रात्रभर विचार केला आणि सकाळी जाऊन ती शिट्टी बजाबाईंच्याच हातात दिली. विरोधी पक्षाला मंत्री करावं हा विचार त्यामागे होता, हे मी कबूल करतो. त्यांनी शिट्टी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या की माहेरी जोंधळ्यावरची पाखरं त्यांनी नुसत्या आवाजावर हाकली आहेत, शिट्टी कशाला. त्यांचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकला. लूम बंद करावे लागले नाहीत.

दुसऱ्या सरावाला सगळे बाहेर आले, पण मोजणी चौसष्ट भरली. पटापेक्षा माणसं जास्त होणं हा प्रकार कुठल्याच पुस्तकात नव्हता. चौकशी केली तेव्हा त्यातली एक भाजीवाली निघाली आणि एक पत्ता विचारायला आलेले गृहस्थ, जे गर्दी बघून शिस्तीत रांगेत उभे राहिले होते. तिसऱ्या सरावाला चार मिनिटं लागली. पाचव्याला पावणेदोन. बजाबाई आता मला न विचारता सराव घ्यायच्या. फायर ब्रिगेडला फोन करून पत्ता कसा सांगायचा हे त्यांनी प्रत्येकीकडून पाठ करून घेतलं: "पाण्याच्या टाकीच्या मागं, निळं गेट, आत निंबाचं झाड." आणि सगळ्यांत महत्त्वाचा नियम, बाहेर पडलेला माणूस कशासाठीही परत आत जाणार नाही, डबा राहिला, मोबाईल राहिला, कुणी माणूस राहिला तरी नाही. माणूस राहिला असेल तर तो ब्रिगेडवाले काढतील. हे सांगताना तो माणूस कोण असेल याची मला कल्पना नव्हती.

धनत्रयोदशीला कारखान्याचा शेवटचा दिवस. दुपारी पूजा झाली, सगळ्यांना मिठाईचे बॉक्स मिळाले. पॅकिंग हॉलला झेंडूच्या माळा, रंगीत दिव्यांच्या माळा. धोंडप्पानं नव्या सिलिंडरांनाही हळदकुंकू लावून हार घातला होता. चार वाजता मी समारोपाचं भाषण करणार होतो. 'सुट्टीतील सुरक्षितता' असा विषय, लिहून तयार. त्यासाठी माईकचा सेट भाड्यानं आणला होता आणि त्याची पिन मी पॅकिंगच्या टेबलाखालच्या बोर्डात घातली. त्या बोर्डात आधीच दिव्यांची माळ, उभा पंखा आणि चहाची किटली होती. सहावा नियम सांगतो, एका बोर्डावर दोनच पिना. माझी चौथी होती. पण माझं भाषण पाचच मिनिटांचं होतं आणि विषय सुरक्षिततेचा होता, तेव्हा विजेलाही ते समजेल असं काहीसं मी धरून चाललो.

भाषणाला वेळ होता म्हणून शेवटची फेरी मारायला निघालो. हॉलला लागून गोडाऊन आहे आणि गोडाऊनच्या वर लाकडी माळा, तिथं परदेशातून परत आलेला माल पडून असतो. दिव्यांची एक वायर त्या माळ्यावर गेलेली दिसली. कुणी खोक्यांवरून तर नेली नाही ना, हे बघायला मी शिडी लावून वर चढलो.

माझ्या यादीतला नववा नियम असा: उभी शिडी दिसली की ती तात्काळ काढून स्टोअरला जमा करावी. शिडीवरून वर कुणी गेलं आहे का हे आधी बघावं, असं त्यात लिहायचं राहून गेलं होतं. मी माळ्याच्या पार टोकाला वायर तपासत असताना धोंडप्पा तिथून गेला. त्याला उभी शिडी दिसली. पुढचं सांगायला नको.

मी परत काठाशी आलो तर शिडी नाही. खाली बारा फूट. पहिल्यांदा मला राग आला, मग नियम पाळला गेल्याचं थोडं समाधानही वाटलं. धोंडप्पाला हाक मारणार तेवढ्यात हॉलमधून 'फट्' असा आवाज आला, दिवे गेले, आणि जळक्या रबराचा वास आला. पाठोपाठ बजाबाईंची शिट्टी आणि शिट्टीच्या वर बजाबाईंचा आवाज. "बाहेर. सगळं टाका, बाहेर."

माळ्याला आवाराच्या बाजूनं एक लांबट खिडकी आहे, बाहेरून गजांची लोखंडी चौकट बसवलेली. तिथून मी जे पाहिलं ते आयुष्यात विसरणार नाही. युनिफॉर्मच्या निळ्या साड्यांची रांग हॉलच्या दारातून बाहेर पडत होती. कुणी पळत नव्हतं, कुणाच्या हातात डबा नव्हता, मिठाईचा बॉक्ससुद्धा नव्हता. लूमवाले मागच्या दारानं वळसा घालून आले. शेवटी धोंडप्पा आला, हाताला पांढरी पावडर लागलेली आणि गळ्यात सिलिंडरचा हार अडकलेला. त्यानं एक सिलिंडर रिकामा केला होता, आणि दुसऱ्याच्या नादी न लागता बाहेर पडला होता. माझे डोळे भरून आले. धुरानंही आले असतील, कारण धूर आता गोडाऊनमध्ये शिरला होता.

बजाबाई मोजत होत्या. त्यांनी एकदा मोजलं, परत मोजलं. एकसष्ट. त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदललेला मला एवढ्या लांबून दिसला. मी चौकटीतून हात बाहेर काढून ओरडलो. सगळ्यांनी वर बघितलं. अमृतशेठ धावले, थेट दाराकडे. त्यांच्या मागे धोंडप्पा. बजाबाई दोन्ही हात पसरून त्यांच्या पुढ्यात उभ्या राहिल्या.

"आत कुनी जायाचं न्हाय," त्या म्हणाल्या. "सायबांनीच सांगितलंय."

अमृतशेठ त्या कारखान्याचे मालक होते. एका पॅकिंगच्या बाईनं त्यांना आवारात अडवलं आणि ते थांबले. मला अतिशय अभिमान वाटला. त्याच वेळी हेही वाटलं की या एका नियमाला थोडी सवलत ठेवायला हरकत नव्हती.

धूर वाढला. माळ्याच्या फळ्यांमधून तो वर यायला लागला आणि मी खोकत सुटलो. खरं सांगतो, भीती वाटली. अकरा नियम लिहिणाऱ्याला त्यातला एकही आठवेना. आईची औषधाची वेळ, फुटलेल्या शोकेसची काच, असलंच काहीतरी डोक्यात फिरत होतं. मी उभाच होतो, तोंड उघडं टाकून. तेवढ्यात खालून आवाज आला. बजाबाई भिंतीपासून चार हात अंतर राखून, पण खिडकीच्या समोर येऊन उभ्या होत्या.

"सायेब, खाली वाका. धूर वर ऱ्हातो. तुमीच सांगितलंय की."

मी वाकलो.

"नाक झाका."

नाकाला फडकं हवं होतं. मी टॉवेलच्या कारखान्यात होतो, भोवती काही हजार टॉवेल होते, आणि माझ्या डोक्यात ते शिरायला एका बाईनं सांगावं लागलं. हाताला आला तो ओढून मी नाकाला लावला.

"आता खिडकीपाशीच ऱ्हावा. हात दिसू द्या. गाडी निगालीया, पत्ता बराबर सांगितलाय." आणि मग जरा थांबून, पट वाचतात तसं, मोठ्यानं: "बासष्ट?"

"हजर," मी टॉवेलमधून म्हणालो.

दर अर्ध्या मिनिटानं त्या "बासष्ट" म्हणत राहिल्या आणि मी "हजर" म्हणत राहिलो. चौथ्या की पाचव्या वेळेला खालच्या सगळ्या बायका माझ्याबरोबर "हजर" म्हणायला लागल्या होत्या. फायर ब्रिगेडची घंटा ऐकू आली तेव्हा मी आणखी किती वेळ उत्तर देऊ शकलो असतो, ते मला माहीत नाही.

आग मोठी नव्हती. टेबल, तीस-चाळीस खोके आणि माझा भाड्याचा माईक. बोर्ड पेटल्यावर धोंडप्पानं मेन स्विच वेळेवर खाली ओढला होता, आगीचं बूड विझवलं होतं, धूर तेवढा धुमसणाऱ्या पुठ्ठ्याचा. ब्रिगेडवाल्यांनी खिडकीची चौकट तोडली आणि एका जवानानं मला खांद्यावर टाकून शिडीवरून खाली आणलं. मी म्हणालो, मी चालतो. तो म्हणाला, साहेब, इथं चालायला जागा नाही. त्याच सुमारास धनलक्ष्मी रिक्षातून उतरली. नवऱ्याला तिनं पहिल्यांदाच असं पाहिलं असेल, दुसऱ्याच्या खांद्यावर, नाकाशी गुलाबी टॉवेल, त्यावर पिवळी बदकं. परदेशातून तो माल परत का आला, हे मला त्या दिवशी कळलं.

ब्रिगेडचे अधिकारी सगळीकडे फिरून झाडाखाली आले. ते म्हणाले की एवढ्या वर्षांत या पट्ट्यात असं बाहेर पडलेलं युनिट त्यांनी पाहिलं नाही. हे कुणी शिकवलं? एकसष्ट बोटं माझ्याकडे वळली. मी टॉवेल खाली ठेवून ताठ बसलो. मग त्यांनी जळका बोर्ड वर धरला. यात चार पिना आहेत, चौथी कुणी घातली?

मघाची सगळी बोटं पदरात, खिशात गेली. धोंडप्पा निंबाच्या शेंड्याकडे बघत होता. बजाबाईंना माहीत होतं, त्यांच्याच टेबलाखाली वाकून मी पिन घातली होती. त्या स्वतःच्या चपलेकडे बघत होत्या. हेडक्लार्क म्हणून बावीस वर्षांत मला इतका मान कधी मिळाला नव्हता, आणि तो असा फुकट घेणं जमेना.

"मी," मी म्हणालो.

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, बदकांकडे पाहिलं, आणि वहीत काहीतरी लिहिलं. जाताना मात्र त्यांनी बजाबाईंना सलाम केला. अगदी टाच जुळवून. बजाबाईंनी दोन्ही हात जोडले, आणि मग एकदम पायरीवर बसून पदरानं तोंड पुसायला लागल्या. मला तेव्हा कळलं की मघा त्या माझ्याइतक्याच घाबरलेल्या होत्या.

रिक्षात बसल्याबरोबर धनलक्ष्मीनं माझा हात धरला. मग म्हणाली, "फोन आला तेव्हा कढई चढवलेली होती. गॅस बंद केला, झाकण ठेवलं, मगच निघाले." एवढं सांगून ती बाहेर बघायला लागली. माझा हात तिनं घरापर्यंत सोडला नाही. आईनं दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला, दोनदा.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. मथळा होता, 'टॉवेल कारखान्यात आग. एका कर्मचाऱ्याची सुटका'. एका कर्मचाऱ्याची. सुरक्षाप्रमुख हा शब्द बातमीत कुठंच नव्हता, बदकं मात्र स्पष्ट आली होती. दिवाळीचे तीन दिवस लोक फराळाला आले ते मला बघायला. प्रत्येकानं सल्ला दिला. कुणी म्हणालं खाली उडी मारायची होती, कुणी म्हणालं टॉवेलांना गाठी मारून उतरायचं होतं. तिप्पण्णा तर बोर्डाविषयी तासभर बोलले. या वेळी मी मधे एकदाही हो हो केलं नाही, नीट ऐकलं. अमृतशेठनी फोन करून विचारलं की पुढच्या वर्षी पत्र आलं तर कुणाला द्यायचं. मी म्हणालो, बजाबाईंना, आणि हाताखाली मी.

भाऊबीजेला बजाबाईंनी आम्हा दोघांना घरी बोलावलं. त्यांची वस्ती म्हणजे एकाला एक लागून घरं, मधे बोळ, वर पत्रे. दिवस मावळत होता. ओवाळून झालं, करंज्या झाल्या, आणि बजाबाई म्हणाल्या, जरा बाहेर चला, काम हाय.

बोळाच्या तोंडाशी मोकळी जागा होती. तिथं आडवा दोरा बांधलेला, अलीकडे पाण्याच्या चार बादल्या आणि वाळूची दोन घमेली. वस्तीतली सगळी पोरं दोऱ्याच्या मागं, आणि दोऱ्याच्या पुढं एका वेळी एकच मोठं माणूस, हात लांब करून भुईनळा लावणारं. बोळात उभ्या केलेल्या गाड्या बजाबाईंनी दुपारीच काढायला लावल्या होत्या, बंब आला तर वाट हवी म्हणून. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी दोऱ्याजवळ जाऊन पाहुण्यासारखा उभा राहिलो. बजाबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"सायेब, हे रेशमी हाय का?"

पाडव्याला धनलक्ष्मीनं घेतलेला कुडता होता. मी मोठ्या आनंदानं हो म्हणालो.

"मग मागं सरा. रेशमी, नायलॉनवाल्यांनी पोरांच्याबी मागं. धनाताई ऱ्हाऊ द्या, त्यांचं सुती हाय."

माझ्या अकरा नियमांत हा नियम नव्हता. मी मुकाट्यानं पोरांच्या मागं गेलो. तिथं नायलॉनचा झगा घातलेली सहासात वर्षांची एक मुलगी भिंतीला टेकून उभी होती. तिनं सरकून मला जागा दिली. पुढं भुईनळा उसळला, सगळी पोरं ओरडली, आणि त्या उजेडात बजाबाई एका हातानं पोरांना थोपवत उभ्या दिसल्या. मला राहवेना. मी त्या मुलीला म्हणालो, "ती बाई बघितलीस का? ती आमच्या कारखान्यातली आहे."

मुलीनं माझ्याकडे, काही कळत नसलेल्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं.

"माजी आजी हाय ती," ती म्हणाली.